चौसष्टांची इर्जिक

जुलै सरत आला की मूर्तिजापूर तालुक्यातल्या काळ्या वावरांत निंदणाच्या बाया दिसू लागतात. पऱ्हाटी अजून गुडघ्याला लागलेली नसते. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, डबे ठेवून बाया एका रांगेत उभ्या राहतात आणि जी ती आपली पात धरते. पात म्हणजे पिकाच्या दोन-तीन ओळींचा पट्टा. या टोकापासून त्या टोकापर्यंत तो तिचा. दहा बाया असल्या तर दहा पाती एकदम पुढे सरकतात, आणि एकटीला दहा दिवस पुरलं असतं ते वावर दिवस मावळायच्या आत निंदून होतं. पण त्यात एक मेख असते. एखादीच्या पातीत तण जास्त निघालं की ती मागे पडते, आणि ती टोकाला पोचेपर्यंत नवी पात लागत नाही. मग बाकीच्या थांबतात, नाही तर शेजारची तिच्या पातीत दोन हात मारते आणि तिला सोबत आणते.

अनेक कॉम्प्युटर एकमेकांना जोडून त्यांच्याकडून एकच मोठं काम करून घ्यायचं, या विद्येचं बहुतेक सार या रांगेत आहे. कामाचे सारखे वाटे पाडायचे, ज्याचा वाटा त्याला उरकू द्यायचा, धुऱ्यावर शेजाऱ्याशी बोलायचं आणि मागे राहिलेल्यासाठी थांबायचं. आपल्या देशात ही विद्या ज्यांच्या नेतृत्वाखाली मोठ्या प्रमाणावर उभी राहिली ते विजय भटकर याच तालुक्यातल्या मुरंबा गावचे. जन्म ११ ऑक्टोबर १९४६. १९६५ साली नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते इंजिनीअर झाले तेव्हा वयाची विशीही पुरी झाली नव्हती. पुढे १९६८ मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी आणि १९७२ मध्ये दिल्लीच्या आयआयटीची डॉक्टरेट. निंदणाच्या पातीतून त्यांना सुपरकॉम्प्युटर सुचला, असं मी म्हणणार नाही. तसा दावा करायला काही आधार नाही. पण परम या त्यांच्या सुपरकॉम्प्युटरची गोष्ट वऱ्हाडी माणसाला समजावून सांगायची तर या पातीपेक्षा जवळचा दाखला मला सापडत नाही.

सुपरकॉम्प्युटर म्हटलं की १९८० च्या दशकात जगापुढे एकच नाव यायचं, सेमूर क्रे. अमेरिकेतल्या या माणसाने एकामागून एक अशी यंत्रं बनवली की त्यातली बहुतेक त्या त्या वेळी जगातली सर्वांत वेगवान ठरायची. त्यांची रीत सरळ होती. प्रोसेसर एक किंवा अगदी मोजके ठेवायचे, पण त्यांची ताकद अफाट असली पाहिजे. साधे प्रोसेसर शेकड्यांनी जोडावेत असं म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारलेला एक प्रश्न प्रसिद्ध आहे. शेत नांगरायचं असेल तर तुम्ही दोन दमदार बैल घ्याल की १०२४ कोंबड्या?

शेतकऱ्याच्या कानाला हा प्रश्न पहिल्याच क्षणी पटतो. कोंबड्या जुंपून कोणी नांगरलं आहे? पण ज्याच्या दावणीला असे दोन दमदार बैल नसतात आणि विकत मागायला गेलं तर विकणारा हात आखडता घेतो, त्याच्यापुढे आणखी एक वाट असते. मराठी मुलखात तिला कुठे सावड म्हणतात, कुठे इर्जिक. इर्जिकीत अडल्या-नडल्याच्या वावरात गावातले शेतकरी आपापले नांगर आणि बैलजोड्या घेऊन उतरतात, एका दिवसात वावर नांगरून देतात आणि मजुरी घेत नाहीत; जेवण मात्र वावराच्या मालकाने घालायचं. यातली कोणतीही जोडी एकटीच्या बळावर नाव काढणारी नसते. १९८८ साली पुण्यात जे सुरू झालं ती एक इर्जिकच होती.

त्याआधी हे यंत्र हवं होतं कशासाठी, ते बघायला हवं, कारण आपण पुष्कळदा तिथूनच घसरतो. सुपरकॉम्प्युटर म्हटलं की अणुबॉम्ब आणि रॉकेट डोळ्यांपुढे येतात. भारताने १९८७ च्या सुमारास अमेरिकेकडे क्रे कंपनीचं यंत्र मागितलं ते मात्र प्रामुख्याने पावसासाठी.

हवेचा अंदाज गणिताने काढता येईल हे स्वप्न जुनं आहे. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेवर काम करता करता २० मे १९१० या एका दिवसाचा हिशेब हाताने करून पाहिला. युरोपचा नकाशा चौकटींमध्ये वाटला, प्रत्येक चौकटीतला वारा आणि दाब मांडला आणि पुढच्या सहा तासांत काय होईल ते काढायला बसला. उत्तर साफ चुकलं. सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारने बदलेल असं निघालं, प्रत्यक्षात तो जवळजवळ हललाच नव्हता. तरीही १९२२ साली त्याने आपलं पुस्तक छापलं, चुकलेल्या उत्तरासकट. त्यात एक कल्पनाचित्र आहे. नाटकगृहासारखं प्रचंड गोल दालन, भिंतीवर पृथ्वीचा नकाशा आणि बैठकांवर आकडेमोड करणारी ६४,००० माणसं. प्रत्येकाकडे नकाशाचा एक तुकडा. आपला हिशेब झाला की तो शेजाऱ्यांना दिसेल असा लावायचा, कारण शेजारच्या तुकड्यातला वारा उद्या आपल्या तुकड्यात येणार असतो. मधोमध उंच मनोऱ्यावर एक मुकादम. जो भाग हिशेबात पुढे धावतोय त्याच्यावर तो गुलाबी प्रकाश टाकतो, जो मागे पडलाय त्याच्यावर निळा.

कॉम्प्युटर जन्माला येण्याच्या दोन तपं आधी लिहिलेलं हे चित्र वाचताना मला दर वेळी मूर्तिजापूरची निंदणाची रांग दिसते. तीच पात, तोच धुरा, मागे राहिलेल्यावर तीच नजर.

पावसाचा हिशेब म्हणजे हेच काम, फक्त माणसांच्या जागी यंत्र. दिल्लीत १९८८ साली राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्र स्थापन झालं. भारताला हवा होता क्रे एक्स-एमपी/२४, म्हणजे दोन प्रोसेसरांचा. पुष्कळ वाटाघाटींनंतर अमेरिकेने दिला एक्स-एमपी/१४, म्हणजे एका प्रोसेसरचा, आणि तोही वापरावर अटी घालून. १९८९ मध्ये तो दिल्लीत चालू झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी दुसरा क्रे मागितला होता, तो मिळालाच नाही. हे यंत्र शस्त्रांच्या कामी येऊ शकतं हा त्यामागचा संशय होता.

ही गोष्ट आपल्याकडे सांगताना थोडी घासूनपुसून सांगितली जाते. अमेरिकेने नकार दिला आणि आपण जिद्दीने यंत्र बनवलं, एवढंच उरतं. खरं म्हणजे अर्धा होकार होता, अर्धा नकार होता, आणि त्या अर्ध्या होकारावर दिल्लीत पावसाचे हिशेब वर्षानुवर्षं चालले. हे सांगितल्याने परमचं मोल कमी होत नाही. उलट नेमकं कुठे अडलं होतं ते कळतं. दुसऱ्याच्या बैलावर शेती करायची तर बैल कधी मिळेल, किती वेळ मिळेल आणि तो कोणत्या वावरात न्यायचा, हे तो दुसरा ठरवणार.

केल्ट्रॉन ही केरळची इलेक्ट्रॉनिक्स कंपनी उभी करणारे के. पी. पी. नंबियार त्या काळात केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याचे सचिव होते. भटकर तेव्हा तिरुअनंतपुरमच्या इलेक्ट्रॉनिक्स संशोधन केंद्रात. पंतप्रधान राजीव गांधींशी झालेल्या भेटीची आठवण भटकरांनी पुढे अनेकदा सांगितली आहे. प्रश्न तीन होते. आपल्याला हे जमेल का, किती दिवस लागतील आणि खर्च किती येईल. भटकरांनी सांगितलं की आपण क्रे प्रत्यक्ष पाहिलेला नाही, फक्त त्याचं चित्र पाहिलं आहे, पण जमेल. वेळ अमेरिकेकडून आणायला लागेल त्याहून कमी लागेल. आणि संस्था उभारण्यापासून यंत्र बसवण्यापर्यंतचा सगळा खर्च एका क्रेच्या किमतीच्या आत राहील.

मार्च १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, सुरू झालं. मुदत तीन वर्षं, पैसे ३० कोटी रुपये. गणेशखिंडीला पुणे विद्यापीठाच्या आवारात तरुण इंजिनीअरांची जमवाजमव झाली.

आता खरा प्रश्न. क्रेसारखा एक जबरदस्त प्रोसेसर बनवायचा तर तशी चिप बनवणारा कारखाना हवा, आणि तो तीन वर्षांत आणि ३० कोटींत कोणत्याही देशात उभा राहिला नसता. मग इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीची एक चिप निवडली गेली. नाव ट्रान्सप्यूटर, नमुना टी-८००. १९८७ साली बाजारात आलेली ही ३२ बिटांची चिप वेगाच्या बाबतीत क्रेच्या जवळपासही नव्हती. पण तिच्या अंगात एक वेगळा गुण होता. हिशेबाचं यंत्र, थोडीशी स्मृती आणि चार तारा जोडायच्या चार जागा, हे सगळं तिच्या एकाच तुकड्यावर होतं. त्या चार जागांमधून ती आपल्यासारख्याच चार चिपांशी थेट बोलू शकायची, मध्ये कोणाचीही दलाली न घेता. म्हणजे ही चिप मुळातच चार शेजारी धरून जन्माला आली होती. एका वावराला चार धुरे असतात, तसंच.

पहिल्या परममध्ये अशा ६४ चिपा होत्या. नाव परम ८०००. परम म्हणजे सर्वश्रेष्ठ हा अर्थ संस्कृतातून आला, आणि समांतर यंत्र या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरंही त्यात बसली. रचना अशी की प्रत्येक प्रोसेसरची स्मृती वेगळी. ज्याची कणगी त्याच्या घरात. दुसऱ्याच्या कणगीतलं काही हवं असेल तर तिथे हात घालता येत नाही, निरोप पाठवून मागून घ्यावं लागतं. तारांची जोडणी कामाप्रमाणे बदलता यायची. हवेच्या हिशेबाला चौकटींची जाळी हवी असेल तर जाळी, दुसऱ्या कामाला साखळी हवी असेल तर साखळी. हे सगळं सांभाळणारी सॉफ्टवेअरची व्यवस्थाही सी-डॅकने स्वतः लिहिली, तिचं नाव परास.

अडचण इथेच होती, आणि परमच्या इतिहासात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. परम ८००० च्या २५६ चिपांच्या पूर्ण रचनेचा कागदावरचा कमाल वेग होता सेकंदाला एक अब्ज गणितं. प्रत्यक्ष कामात मिळायचा तो १० ते २० कोटींचा, म्हणजे दहापासून वीस टक्के. हा आकडा लपवण्यासारखा नाही. त्या काळच्या समांतर यंत्रांची हीच रड होती. ६४ जण एकदम कामाला लागले म्हणून काम ६४ पट वेगाने होत नाही. काही कामं वाटताच येत नाहीत. जीन अ‍ॅम्डाल या अमेरिकन इंजिनीअरने १९६७ सालीच ते सांगून ठेवलं होतं. कामाचा दहावा हिस्सा जरी असा असेल की तो एकामागून एकच करावा लागतो, तर तुम्ही हजार प्रोसेसर लावा, वेग दहा पटींच्या वर जाणार नाही. त्यात निरोपांना लागणारा वेळ धरायचा. आपल्या तुकड्याचा हिशेब क्षणात होतो आणि शेजाऱ्याचा निरोप येईपर्यंत प्रोसेसर हातावर हात ठेवून बसून राहतो. सी-डॅकच्या लोकांची पुढची दहा-पंधरा वर्षं मुख्यतः याच दोन गोष्टींशी झुंजण्यात गेली. काम कसं वाटायचं आणि निरोप लवकर कसा पोचवायचा.

म्हणून परम किती स्वदेशी हा वाद निघतो तेव्हा मला तो चुकीच्या जागी उभा राहिलेला वाटतो. चिप इंग्लंडची होती हे खरंच आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. इर्जिकीत कोणाचा बैल कोणत्या बाजारातून आणला याला महत्त्व नसतं. कोणती जोडी कुठे जुंपायची, कोणत्या तासाला कोण लागेल, कोणाला कधी थांबवायचं, हे ज्याला कळतं त्याची ती इर्जिक. जोडणीची ही अक्कल पुण्यात तयार झाली आणि ती विकत मिळणारी नव्हती.

१९९० मध्ये झुरिकच्या सुपरकॉम्प्युटर प्रदर्शनात परमचा प्राथमिक नमुना मांडला गेला आणि इतरांच्या यंत्रांबरोबर त्याचीही चाचणी झाली. १९९१ साली परम ८००० पूर्ण झाला. ठरलेल्या तीन वर्षांच्या जवळपास, ठरलेल्या पैशांत. पुढे तो रशिया, जर्मनी आणि ब्रिटनमध्येही गेला. १९९२ मध्ये परम ८६०० आला. त्यात ट्रान्सप्यूटरच्या जोडीला इंटेलचे आय-८६० प्रोसेसर होते. हिशेब या नव्या प्रोसेसरांनी करायचा, निरोपांची ने-आण ट्रान्सप्यूटरनी.

परम हा भारतातला या वाटेवरचा एकटा प्रवासी नव्हता. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत फ्लोसॉल्व्हर नावाचं समांतर यंत्र १९८६ सालीच चालू झालं होतं, म्हणजे सी-डॅकच्या जन्माच्याही आधी. विमानाच्या पंखावरून वाहणाऱ्या हवेचे हिशेब त्यावर व्हायचे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अनुपम होता, हैदराबादला संरक्षण संशोधन खात्याचा पेस. परमचं नाव मोठं झालं त्याचं एक कारण असं की तो एका प्रयोगशाळेच्या गरजेपुरता राहिला नाही. तो इतरांना देता आला, विकता आला, आणि त्यावर काम करायला शेकडो माणसं शिकली. फ्लोसॉल्व्हरची आठवण मात्र महाराष्ट्रात फारच थोड्यांना आहे, आणि ते बरं नाही.

मग १९९४ साल आलं. अमेरिकेत नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात कोणालाही मिळतील असे ४८६ प्रोसेसरचे १६ पर्सनल कॉम्प्युटर घेतले, साध्या इथरनेटच्या तारांनी एकमेकांना जोडले, त्यावर फुकट मिळणारी लिनक्स घातली आणि त्या जथ्याला बेओवुल्फ असं नाव दिलं. आज ज्याला आपण क्लस्टर म्हणतो त्याचा हा सर्वांत प्रसिद्ध पूर्वज. यात खास बनवलेलं असं काहीच नव्हतं. दुकानातून आणायचं आणि जोडायचं. त्याच वर्षी एमपीआय हे निरोपांचं प्रमाण ठरलं. आतापर्यंत ज्या त्या यंत्राची निरोप पाठवायची बोली वेगळी होती. आता एका यंत्रावर लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालू लागला. पुण्यात सी-डॅकने परम ९००० आणला तोही १९९४ मध्येच. त्याची रचना दोन्ही पायांवर उभी होती, प्रोसेसरांच्या जाळ्यासारखीही आणि क्लस्टरसारखीही. आणि योगायोग असा की मूर्तिजापूर जंक्शनवरून यवतमाळला आणि अचलपूरला तेव्हा जाणाऱ्या अरुंद रुळांच्या शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिनही १९९४ सालीच उतरवलं गेलं. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं ते इंजिन सत्तर वर्षं वऱ्हाडचा कापूस आणि माणसं ओढत होतं. मुरंब्याच्या माणसाने उभ्या केलेल्या संस्थेत नव्या पिढीचं यंत्र तयार होत होतं तेव्हा त्याच्या तालुक्याच्या स्टेशनात कोळशाचा धूर नुकता थांबला होता. दोन्ही गोष्टी एकाच वर्षाच्या आहेत हे कळलं तेव्हा मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिलो.

सेमूर क्रे यांची शेवटची वर्षं इथेच सांगायला हवीत. त्यांची नवी कंपनी १९९५ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्यानंतर १९९६ साली त्यांनी आणखी एक कंपनी काढली, आणि आता ते पुष्कळ प्रोसेसर जोडण्याच्या रचनेवर काम करू लागले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोटार अपघातात झालेल्या जखमांनी ते गेले. बैलांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या एवढ्या मोठ्या कारागिराने सत्तरीच्या उंबरठ्यावर दुसरी वाट धरली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुढचा प्रवास झपाट्याचा आहे. १९९८ च्या परम १०००० पर्यंत सी-डॅक पूर्णपणे क्लस्टरच्या वाटेवर आलं. सन कंपनीचे तयार सर्व्हर आणि त्यांना जोडणारं स्वतःचं परमनेट. २००३ च्या जूनमध्ये जगातल्या ५०० वेगवान यंत्रांच्या यादीत परम पद्म १७१ व्या क्रमांकावर आला. त्यात आयबीएमचे २४८ प्रोसेसर होते आणि कमाल वेग सेकंदाला एक लाख कोटी गणितांचा. त्यातल्या परमनेटवरून सेकंदाला अडीच अब्ज बिट निरोप जायचे. टी-८०० च्या एका तारेतून जास्तीत जास्त जायचे दोन कोटी. बारा-तेरा वर्षांत निरोपाचा वेग सव्वाशे पट झाला होता, आणि पहिल्या परममध्ये ८० ते ९० टक्के ताकद जिथे सांडत होती तिथेच ही दुरुस्ती झाली होती.

२००७ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्यातलंच दुसरं एक यंत्र त्या यादीत थेट चौथं आलं. टाटांच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या संस्थेचं एका. सुमारे १,८०० सर्व्हर, १४ हजारांवर प्रोसेसरचे गाभे, चाचणीतला वेग सेकंदाला जवळपास ११८ लाख कोटी गणितं. आशियात तेव्हा त्याच्या पुढे कोणी नव्हतं. हजारो जणांच्या जथ्याचं नाव एका ठेवावं, यात ज्याने ते ठेवलं त्याला क्लस्टरचं मर्म कळलं होतं. बाहेरून बघणाऱ्याला ते एकच यंत्र दिसलं पाहिजे.

या सगळ्यातलं वऱ्हाडात काय आलं? सुपरकॉम्प्युटर पुण्यातच राहिले, पण त्यांच्या भोवतीच्या दोन गोष्टी अकोला-अमरावतीच्या गल्लीबोळांत पोचल्या. पहिली देवनागरी. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेलं जिस्ट हे तंत्र सी-डॅकमध्ये आलं, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर मराठी उमटवायची सोय देशभर पसरली. दुसरी, २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटर शिकवणारा अभ्यासक्रम. भटकर या महामंडळाचे मुख्य मार्गदर्शक राहिले. दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूर, अंजनगावसारख्या गावांतल्या मुलामुलींनी माउस पहिल्यांदा हातात धरला तो बहुधा अशाच एखाद्या वर्गात.

तिसरी गोष्ट होण्याजोगी आहे, आणि तिच्यासाठी पुण्याची वाट बघायची गरज नाही. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ चं. १९८३ साली अमरावती विद्यापीठ झालं आणि त्यानंतर वऱ्हाडात अभियांत्रिकी महाविद्यालयं वाढत गेली. प्रत्येकाच्या प्रयोगशाळेत वीस-तीस कॉम्प्युटर एका ओळीत असतात, एकाच स्विचला जोडलेले, आणि संध्याकाळी कुलूप लागलं की सकाळपर्यंत थंड पडलेले. त्यातला एक म्होरक्या ठरवायचा, सगळ्यांवर लिनक्स घालायची, सगळ्यांना दिसेल असा एक सामायिक फोल्डर ठेवायचा आणि एमपीआय बसवायची. बस्स, क्लस्टर झालं. एमपीआयमध्ये लिहिलेला प्रत्येक प्रोग्रॅम सुरुवातीला दोनच गोष्टी विचारतो. आपण एकूण किती जण आणि त्यात मी कितवा? या दोन उत्तरांवरून जो तो आपला वाटा ओळखतो. रांगेत उभी राहिलेली बाईसुद्धा आधी हेच बघते. मगच तिला कळतं की आपली पात कोणती.

ज्याला हे शिकायचं आहे त्याने असं क्लस्टर स्वतःच्या हाताने एकदा तरी उभं करावं आणि मग एकेक यंत्र वाढवत वेग मोजावा. चार यंत्रांवर जवळजवळ चौपट, आठांवर सहापट, सोळांवर कदाचित पुन्हा सहापटच. तो आलेख वाकायला लागतो ती जागा डोळ्यांनी पाहिली की अ‍ॅम्डालचा नियम पाठ करावा लागत नाही.

आणि पाऊस? ज्याच्यासाठी हे सगळं सुरू झालं तो विषय मधल्या काळात सुटला नव्हता. दिल्लीच्या क्रेवर १९९० च्या दशकात जो हिशेब चालायचा त्याच्या चौकटीची बाजू सुमारे १५० किलोमीटरची होती. अकोला ते अमरावती अंतर शंभरेक किलोमीटरचं. म्हणजे अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती हे सगळं मिळून त्या यंत्राच्या लेखी एकच ठिकाण. मेळघाटच्या डोंगरावर कोसळणारा पाऊस आणि पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात हुलकावणी देणारा पाऊस त्याला वेगळे दिसणं शक्यच नव्हतं. चौकट लहान करायची तर त्याची किंमत मोजावी लागते. बाजू निम्मी केली की एकीच्या जागी चार चौकटी होतात, आणि वेळेची पावलंही निम्मी करावी लागतात; काम आठ पट वाढतं.

ते काम आता क्लस्टरच करतात. पुण्याच्या पाषाणमधल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये प्रत्युष आला, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये अर्क. अर्कचा वेग ११.७७ पेटाफ्लॉप, म्हणजे पहिल्या परमच्या कागदावरच्या वेगाच्या एक कोटी पटीहून जास्त. २०२५ च्या मे महिन्यात या संस्थेने घडवलेली भारत अंदाज प्रणाली सुरू झाली. तिची चौकट सहा किलोमीटरची. क्रेच्या काळात जिथे एक चौकट होती तिथे आता सव्वासहाशे आहेत, आणि त्यातली प्रत्येक आपल्या धुऱ्यावर शेजारणीला विचारते की तुझ्याकडून वारा किती येतोय.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानाचा सल्ला निघतो. पुढच्या पाच दिवसांत पाऊस किती, वारा कसा, फवारणी करायची की थांबायची. मूर्तिजापूरकडच्या एखाद्या वावरात तो फोनवर वाचला जातो, आणि बाया निंदणाला आज बोलवायच्या की परवा, ते ठरतं.